चुंबकाच्या दाराशी

आपल्या घरांतून आता यंत्रे पुष्कळ झाली. मिक्सर आहे, फ्रीज आहे, कपडे धुण्याचे यंत्र आहे. दिवाळीच्या आवराआवरीत त्यांतले एखादे हटकून रुसते, आणि मग घरातला कर्ता पुरुष पहिली गोष्ट करतो ती बटण बंद करण्याची. बटण खाली गेले की यंत्र झोपले, आता खुशाल हात घाला, हे ज्ञान आपल्यात इतके मुरले आहे की ते ज्ञान आहे हेही आपण विसरलो आहो. परंतु आपल्या शहरांत असे एक यंत्र येऊन राहिले आहे की त्याच्यापुढे हे घरगुती शहाणपण साफ उलटे पडते. दिवे मालवा, वीज तोडा, माणसे घरी पाठवा, दाराला कुलूप घाला. मध्यरात्री त्या काळोख्या खोलीत त्याची शक्ती तसूभरही कमी झालेली नसते. त्याचे नाव एम. आर. आय.

वाचकांपैकी पुष्कळांची त्याच्याशी ओळख झालेली असेल. कोणाची कंबर, कोणाचा गुडघा, कोणाच्या सासूबाईंचा मेंदू. पांढरेशुभ्र, मोठ्या पिंपासारखे धूड, मधोमध पोकळी, तीत सरकत जाणारी फळी. आणि मग पत्र्यावर कोणी घण घालीत असावा असा तो आवाज! आपण अहवालाचे पाकीट काखोटीला मारून बाहेर पडतो आणि सुटलो म्हणतो. त्या खोलीच्या दाराशी कोण उभे होते, त्याला काय शिकविले होते, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. माझ्याही मनात तो आपण होऊन आला नसता. तो आणला माझ्या भाचीने.

मी नागपुरात सदरला राहते. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले आणि आता निवृत्त आहे. सदर म्हणजे जुना छावणीचा बाजार. भोसल्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज रेसिडेंटाचे नाव इथल्या रेसिडेन्सी रोडने अजून जपले आहे. डॉक्टरांची खरी पेठ म्हणाल तर ती धंतोली-रामदासपेठेकडे. पण अलीकडे आमच्याकडेही कापडाच्या आणि बुटांच्या दुकानांच्या ओळीत तपासणी केंद्रांच्या पाट्या लागल्या आहेत. अशाच एका केंद्रात माझी भाची तंत्रज्ञ आहे. केंद्राचे नाव सांगत नाही. सांगण्यावाचून काही अडतही नाही.

एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, रविवारी आमच्याकडे शिकवणी आहे. सगळ्यांची. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत. तू ये. तुला आवडेल." मास्तरणीला वर्गात मागच्या बाकावर बसायला बोलाविले तर ती नाही म्हणेल काय? मी गेले.

सकाळी नऊ वाजता खाली तर्री-पोह्यांचे पातेले आले आणि वर वर्ग भरला. दोन डॉक्टर, चार तंत्रज्ञ, तीन नर्सबाई, रुग्णांना ढकलगाडीवरून आणणारे दोन मामा, सफाईच्या दोन मावशी आणि दारावरचा रखवालदार. शिकविणाऱ्या बाई पुण्याहून आल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आणि आवाज असा की मला माझ्या जुन्या हेडमास्तरीणबाईंची आठवण झाली. त्यांनी नमस्कार केला आणि विचारले, "पलीकडच्या खोलीतले यंत्र आत्ता चालू आहे का बंद?"

"बंद!" मामा म्हणाले. "आज इतवार आहे न जी."

दोन्ही मावश्यांनी मान डोलावली. रखवालदारानेही. एक नर्सबाई गोंधळल्या. बाईंनी मामांच्याच हाती खडू दिला आणि फळ्यावर लिहायला लावले: चुंबक कधीच बंद नसतो. "आजच्या दिवसात एवढेच लक्षात राहिले तरी माझे पोह्यांचे पैसे फिटले," त्या म्हणाल्या.

आता हे असे का, ते थोडक्यात सांगते. शिक्षकाची खोड आहे. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ, आणि पाण्यात हायड्रोजन. त्या हायड्रोजनच्या अणूंचे गाभे म्हणजे जणू इवल्याशा होकायंत्राच्या सुया. फार बलवान चुंबकात शरीर ठेवले की त्या सुयांना एक वळण लागते. मग रेडिओच्या लहरींनी त्यांना डिवचायचे आणि त्या पूर्वस्थितीला येताना जो बारीक संदेश देतात तो टिपून चित्र तयार करायचे. ही युक्ती चित्रे काढण्यासाठी कामी आणल्याबद्दल अमेरिकेचे लॉटरबर आणि इंग्लंडचे मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सगळी मदार त्या चुंबकावर. नेहमीच्या यंत्रात तो दीड टेस्लाचा असतो. नागपुरात पृथ्वीचे जे चुंबकत्व होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळविते, त्याच्या तीस हजार पटींहून अधिक!

एवढा चुंबक साध्या तारेच्या वेटोळ्यातून मिळत नाही. तार जळून जाईल. म्हणून नायोबियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार घेतात आणि ती द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवतात. इतक्या थंडीत त्या तारेचा विजेला होणारा विरोध शून्य होतो. हा चमत्कार हॉलंडमध्ये कॅमरलिंग ओनेस यांनी १९११ साली प्रथम पाहिला. एकदा प्रवाह सोडला की तो फिरतच राहतो, वर्षानुवर्षे, बाहेरून वीज न घेता. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, रस्त्याचे डांबर चपलेला चिकटते, आणि सदरातल्या त्या एका खोलीच्या पोटात उणे २६९! मला तर यात पुराणातल्या गोष्टीची मौज वाटते.

हेलियमवरून एक आठवले, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवितात. तो साहेब म्हणजे नॉर्मन लॉकियर; १८९८ च्या सूर्यग्रहणासाठी तो तेथे येऊन राहिला होता. त्याच लॉकियरने तीस वर्षे आधी, १८६८ साली, इंग्लंडात बसून सूर्यप्रकाशातल्या एका पिवळ्या रेघेवरून हेलियमचा सुगावा लावला होता. पृथ्वीवर हा वायू हाती लागायला १८९५ उजाडले. आज तोच वायू आपल्या मणक्यांची चित्रे काढवितो.

असो. बाईंनी खिळा किंवा पाना दोरीला बांधून चुंबकाची ओढ दाखविण्याचा खेळ केला नाही. रखवालदाराला तो पाहायचा होता, तो हिरमुसला. बाई म्हणाल्या, "खेळ पाहिला की माणसाला वाटते, ओढ लागली की आपल्याला कळेल, आपण सावरू. तसे होत नाही." आणि ही गोष्ट मला नवी होती. हल्लीच्या यंत्रांना असे कवच केलेले असते की चुंबकत्व खोलीबाहेर पसरू नये. त्याचा परिणाम असा की दाराशी उभे राहिले तर हातातल्या लोखंडाला काहीच जाणवत नाही. चार पावले पुढे गेले तरी फारसे नाही. आणि मग शेवटच्या दोनतीन हातांत ती ओढ एकदम अशी वाढते की पाऊल मागे घ्यायला वेळच उरत नाही. केसातली पिन गोळीसारखी सुटते. कात्री सुटते. आणि प्राणवायूचे पोलादी सिलिंडर असेल तर ते तोफेच्या गोळ्यासारखे जाते, वाटेत कोण आहे ते न पाहता.

येथे वर्ग शांत झाला, कारण पुढे काय येणार हे तंत्रज्ञ मंडळींना ठाऊक होते.

२७ जानेवारी २०१८, शनिवार. मुंबईचे नायर रुग्णालय. बत्तीस वर्षांचा एक तरुण आपल्या आजारी नातलग बाईंबरोबर आला होता. बाईंना प्राणवायूची गरज होती. सिलिंडर आत न्यायचे होते. यंत्र बंद आहे, घेऊन या, असे रुग्णालयाच्या माणसाने सांगितल्याचे घरच्यांनी पुढे सांगितले. तरुणाने सिलिंडर उचलले आणि आत गेला. चुंबकाने सिलिंडर ओढले, सिलिंडरासकट त्याला ओढले, त्यात सिलिंडरची तोटी उघडली आणि प्राणवायू प्रचंड दाबाने बाहेर पडला. काही मिनिटांत सारे संपले. पोलिसांनी एक डॉक्टर, एक वॉर्डबॉय आणि एक आया यांच्यावर निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा नोंदविला. सरकारने कुटुंबाला ५ लाख रुपये जाहीर केले.

त्याआधी तीनच वर्षे, नोव्हेंबर २०१४ मध्ये, खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत असेच सिलिंडर यंत्राकडे झेपावले होते, आणि सिलिंडर व यंत्र यांच्यामध्ये दोन कर्मचारी सुमारे चार तास चिमटून राहिले होते. दोघेही वाचले, पण जबर जखमी होऊन. म्हणजे धडा मुंबईच्या उंबरठ्यावर, खाडीपलीकडे, लिहून ठेवलेला होता. तो नायरपर्यंत पोचला नाही.

आणि खरे पाहता तो त्याहून जुना आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ वेस्टचेस्टर येथील रुग्णालयात जुलै २००१ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा यंत्रात होता; मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतरची तपासणी. त्याला प्राणवायू कमी पडू लागला, भिंतीतल्या नळीतून तो येईना, धावपळ झाली, आणि मदतीच्या घाईत पोलादी सिलिंडर आत आले. मूल गेले. त्यानंतर तेथल्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २००२ साली नियमांचा पहिला मसुदा काढला, आणि आज जगभर जी चार कक्षांची पद्धत चालते ती त्यातून आली. पहिला कक्ष सर्वांना मोकळा. दुसऱ्यात रुग्णाची चौकशी आणि झडती. तिसऱ्यात फक्त शिकविलेल्या माणसांनीच आपण होऊन जायचे. चौथा म्हणजे चुंबकाची खोली; तेथे शिकविलेल्या माणसाच्या नजरेखालीच पाऊल टाकायचे. देवळात नाही का, सभामंडप कोणालाही, गाभारा पुजाऱ्याला? मामांना ही उपमा पटली. पण बाई म्हणाल्या, "गाभाऱ्यात पुजाऱ्याची ओळख काढून जाता येते. इथे ओळख चालत नाही."

मग आला झडतीचा तास, आणि वर्गात हशा सुरू झाला. 'अंगावर काही धातू आहे का?' असे विचारले तर आपला माणूस 'नाही' म्हणतो, आणि खोटे बोलत नाही. मंगळसूत्र हा धातू नव्हे, ते सौभाग्य आहे. जोडवी धातू नव्हेत. दंडातला ताईत धातू नव्हे, ते आजीने बांधलेले आहे. शनीसाठी घातलेली घोड्याच्या नालाची अंगठी, ती तर शुद्ध लोखंड, पण घालणाऱ्याला ते लोखंड वाटतच नाही. म्हणून प्रश्न नाव घेऊन विचारायचा. आकडे, पिना, साडीची पिन, कवळी, कानातले यंत्र, कमरेचा करदोटा, खिशातली किल्ली, मोबाइल, बँकेचे कार्ड. आणि एकाने विचारले तरी दुसऱ्याने पुन्हा विचारायचे. सोने-चांदीला चुंबक ओढीत नाही हे खरे. पण नकली दागिन्यांच्या फाशात पोलाद असते, आणि कोणताही धातू त्या रेडिओलहरींत तापू शकतो. जरीची साडी, चांदीचा धागा विणलेले बनियन, औषधाच्या काही चिकटपट्ट्यांमागचा धातूचा पातळ वर्ख, यांनीही कातडी भाजते. इतकेच काय, रुग्णाने दोन्ही हात एकमेकांत गुंफले किंवा उघड्या मांडीला मांडी लागली तरी शरीराचेच वेटोळे होते आणि तेथे चटका बसतो. तारा अंगाला चिकटू द्यायच्या नाहीत, त्यांचे वेटोळे करायचे नाही, घामाचे ओले कपडे बदलायचे.

शरीराच्या आत जे आहे त्याचे प्रश्न निराळे, आणि ते डॉक्टरांनी सोडवायचे. हृदयाचा पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप, कानात बसविलेले यंत्र. आता यांतली बरीचशी साधने ठराविक अटींवर चालतात, पण अट कोणती हे कागद पाहूनच ठरवायचे; रुग्णाच्या 'चालते हो, मागे काढला होता' यावर नाही. एक प्रश्न मात्र मला विशेष वाटला. लेथवर किंवा वेल्डिंगवर काम केले आहे का? हिंगण्याच्या आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत अशी माणसे हजारोंनी. डोळ्यात कधी काळी उडालेला लोखंडाचा कण वीस वर्षे निमूट बसलेला असतो. चुंबकाजवळ तो हलला तर दृष्टी जाऊ शकते. शंका आली तर आधी डोळ्यांचा एक्स-रे.

मंगळसूत्रावरून वाद होतातच. माझ्या भाचीच्या खणात पिवळ्या दोऱ्याचे रीळ आणि हळकुंडांची पुडी असते. ज्या बाईचे मन गळा मोकळा ठेवायला तयार होत नाही, तिला ती हळकुंड बांधून देते. हे कोणत्याही अमेरिकन नियमावलीत नाही. पुण्याच्या बाईंनी ते आपल्या वहीत उतरवून घेतले.

दुपारी तालीम झाली, आणि सारा दिवस ज्यासाठी होता ते मला तेव्हा कळले.

खोटा प्रसंग असा: आत रुग्णाचे हृदय थांबले आहे. आपली पहिली उर्मी काय? सगळ्यांनी आत धावायचे. तेच करायचे नाही. आतल्या दोघांनी छाती दाबणे सुरू करून रुग्णाला फळीसकट बाहेर काढायचे, दार लावायचे, आणि पुढचे सारे बाहेर. कारण मदतीला धावणाऱ्याच्या गळ्यात स्टेथॉस्कोप, खिशात कात्री, हातात प्राणवायूचे सिलिंडर. म्हणून दाराशी एक माणूस उभा राहील, त्याचे काम एकच: कोणालाही आत सोडायचे नाही. हे काम बाईंनी सफाईच्या मावशींना दिले. नेमके त्यांनाच.

शिटी वाजली. आतून दोघे रुग्ण होऊन पडलेल्या तंत्रज्ञाला ओढू लागले. आणि तरुण डॉक्टर, गळ्यात स्टेथॉस्कोप टाकून, ठरल्याप्रमाणे धावत आला. मावशी बाजूला सरकल्या. पदर सावरून, अदबीने, जशा रोज सरकतात तशा. डॉक्टर आत.

"मेले दोघेही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पुन्हा."

दुसऱ्या वेळी मावशींनी हात आडवा केला, पण तोंडातून शब्द फुटेना. "साहेबांना कसं अडवू मी?" त्या म्हणाल्या. "उद्या ठेवतील का मला कामावर?" कोणी हसले नाही. थोरल्या डॉक्टरांनी खुर्चीवरून उठून सर्वांदेखत सांगितले, "मावशी, मला अडवलं म्हणून तुमचं काम जाणार नाही. नाही अडवलं तर मात्र माझं जाईल." तिसऱ्या वेळी बाईंनी हाक दिली, "मावशी, ओरडा!" तशी मागच्या बाकावरची मीही दचकून उठले, भाचीची मावशी ना मी! आणि दाराशी त्या बाई अशा ओरडल्या, "थांबा! गळ्यातलं काढा!", की डॉक्टर खरोखरीच थबकला आणि खाली जिन्यात लिफ्टवाला वर पाहू लागला.

या देशात शिकवणीचा कठीण भाग हेलियम नव्हे आणि टेस्लाही नव्हे. महिन्याला तुटपुंजा पगार घेणाऱ्या बाईने कोटभर रुपयांच्या यंत्रासमोर, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला 'थांबा' म्हणणे, हा आहे. मी शाळेत तीस वर्षे मुलींना उत्तरे पाठ करायला लावली. हे नव्हते लावले. अभ्यासक्रमात नव्हते.

चुंबक उतरविण्याची एक तांबडी कळ भिंतीवर असते, तिचीही ओळख करून दिली. ती दाबली की हेलियम उकळून नळीवाटे छपरावर निघून जातो आणि मिनिटा-दोन मिनिटांत चुंबकत्व संपते. शेजारी विजेची कळ असते. तिने दिवे जातील, चुंबक नाही. या दोहोंत गफलत होऊ नये म्हणून प्रत्येकाला डोळे मिटून बोट दाखवायला लावले. चुंबकाची कळ केव्हा दाबायची? माणूस चिमटला असेल तेव्हा, तात्काळ. खर्चाचा विचार करायचा नाही, जरी हेलियम पुन्हा भरायला लाखो रुपये लागतात आणि यंत्र कित्येक दिवस बंद राहते. पण खुर्ची चिकटली म्हणून दाबायची नाही. माणूस मोकळा असेल तर इंजिनिअर येईपर्यंत खुर्ची राहू द्या चिकटलेली. आणि छपरावरची नळी पक्ष्यांच्या घरट्याने तुंबली असेल तर? मग वायू खोलीतच कोंडतो. एक लिटर द्रवाचे सातशे लिटरांवर वायू होतात. श्वासाची हवा बाहेर ढकलली जाते, आणि आतल्या बाजूला उघडणारे दार त्या दाबाने उघडतच नाही. तेव्हा काच फोडायची. मामांनी विचारले, "कशानं फोडू जी? हातोडी तर नेता येत नाही." बाईंना हा प्रश्न फार आवडला. बाहेरून फोडायची, आणि हातोडी पितळेची ठेवायची, असे ठरले.

वर्ग सुटल्यावर मी बाईंना विचारले, हे सारे कायद्याने सक्तीचे असेल ना? त्यांनी जे सांगितले ते वाचकांनी ध्यानात ठेवावे. एक्स-रे आणि सी. टी. यांच्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख आहे, परवाना लागतो, नियम आहेत. एम. आर. आय. मधून तसले किरण निघत नाहीत, म्हणून ते त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. जी रुग्णालये दर्जाचे प्रमाणपत्र घेतात ती आपली शिस्त पाळतात. बाकीच्यांचे मालकाच्या मर्जीवर. किरण नाहीत हा त्या यंत्राचा मोठाच गुण. पण त्यामुळे 'याच्यापासून काही अपाय नाही' ही समजूत जिन्यापासून दिवाणखान्यापर्यंत पसरली आहे, आणि ती समजूत घेऊनच माणसे सिलिंडर उचलतात.

कोणती माणसे? २०२३ च्या जानेवारीत ब्राझीलमध्ये एक वकील आपल्या आईला तपासणीला घेऊन आला. कमरेला पिस्तूल होते, ते सांगितले नाही. चुंबकाने ते ओढले, गोळी सुटली, तो तीन आठवड्यांनी वारला. १६ जुलै २०२५ रोजी न्यूयॉर्कजवळ वेस्टबरी येथे एका बाईची गुडघ्याची तपासणी संपली, उठायला हात द्या म्हणून तिने नवऱ्याला आत बोलाविले. त्याच्या गळ्यात व्यायामासाठी घातलेली सुमारे नऊ किलोची साखळी होती. दुसऱ्या दिवशी तो गेला. आणि आपल्या नायरमधला तो तरुण. एक मुलगा, एक नवरा, एक नातलग. तिघेही रुग्ण नव्हते आणि नोकरही नव्हते. कोणाला तरी सोबत म्हणून आलेले.

आणि सोबत जाणे हा तर आपला धर्म! पाश्चात्य देशांत नातेवाईक क्वचित आत शिरतो. आपल्याकडे ढकलगाडी कोण ढकलते? सलाइनची बाटली उंच कोण धरते? मुलगा, जावई, शेजारचा होतकरू पोरगा. माणसे कमी असतात म्हणून रुग्णालय आपल्याला हात लावू देते, आणि आपल्यालाही नुसते बसवत नाही. त्या अर्थाने आपण सारे त्या रुग्णालयाचे बिनपगारी नोकर आहोत, पण आपल्याला शिकवणी कोणी दिलेली नाही. म्हणून माझे एवढेच मागणे: बाकीवर बसून राहा म्हणाले तर राहा. कोणी सिलिंडर उचला म्हणाले तर उचलू नका. भिंतीतल्या नळीतून प्राणवायू येतो का, सिलिंडर ॲल्युमिनियमचे आहे का, असे विचारा. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला चुंबक ओढीत नाही, पण रंग चढविल्यावर तेही पोलादासारखेच दिसते, खूण पाहावी. हिरवा चौकोन म्हणजे निर्धोक, पिवळा त्रिकोण म्हणजे अटींवर, लाल वर्तुळावर तिरपी रेघ म्हणजे नाही म्हणजे नाही. आणि मंगळसूत्र मागणाऱ्या मुलीवर रागावू नका. कदाचित तिच्या खणात हळकुंड असेल.

तो रविवार होऊन सात महिने झाले. केंद्राच्या रात्रीच्या सफाईची बादली आता प्लास्टिकची आहे, झाडूचा दांडा बांबूचा आहे, आणि रात्री चुंबकाच्या खोलीची किल्ली सफाईवाल्यांकडे राहत नाही. सकाळी तंत्रज्ञ आल्यावर तिच्यासमोर फरशी पुसतात. पितळेची हातोडी भिंतीला टांगलेली आहे. फळ्यावरचे मामांचे अक्षर कोणी पुसलेले नाही.

दाराशी ओरडलेल्या मावशी मात्र तेथे नाहीत. सफाईचे कंत्राट एप्रिलमध्ये बदलले आणि जुनी माणसे गेली. त्या आता धंतोलीकडच्या एका इस्पितळात डायलिसिसच्या विभागात फरशी पुसतात असे मामांकडून कळले. नव्या दोघी सोमवारपासून येऊ लागल्या. भाचीने पुण्याच्या बाईंना फोन केला; त्यांना पुढची तारीख जानेवारीत आहे. तोवर रोज सकाळी फरशी पुसून झाली की ती त्या दोघींना दाराशी उभे करते, स्वतः गळ्यात स्टेथॉस्कोप अडकवून जिन्यातून धावत येते, आणि त्या ओरडेपर्यंत थांबत नाही. परवा विचारले तेव्हा म्हणाली, एक ओरडते आता. दुसरी अजून बाजूला सरकते.